रिन्याच्या घरची चूल

"अगं, नुसतं बोट तरी लाव! मग जा कुठे उधळायचंय तिथे!" लामत आत्या ताट घेऊन रिन्याच्या मागेच लागली होती.

रिन्याने हसत चिकट भाताला बोट टेकवलं आणि ओठाला लावलं. पुढच्या दारात बांबूत शिजवलेली कोंबडी, त्याच्या पुढच्या दारात खारवलेला मासा. तिथेही बोट टेकवलं. लांबघराची ओसरी या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच, बिऱ्हाडं ओळीने, आणि आज दारादारात तिच्यासाठी ताट. प्रवासाला निघालेल्याने अन्न नाकारलं की त्याला पुनी लागते, हे तिथल्या पोरांना चालता येण्याआधी कळतं. मग वाटेत साप डसतो, नाहीतर नदी होडी उलटवते. खायला सवड नसेल तर निदान स्पर्श करायचा, म्हणजे सुटका. गेल्या साली एक जण घाईघाईत कॉफीला नको म्हणून उतरला. त्याची होडी सापडली. तो नाही सापडला.

आणि आज नदी तर नुसती पिसाळली होती. वर डोंगरात कोसळलेल्या पावसाचं गढूळ पाणी ओंडके घेऊन धावत होतं.

शेवटचं दार रिन्याचं स्वतःचं. तिथे ताट नव्हतं. ताट कुठलं, चुलीत राखसुद्धा थंडगार. उपडं घातलेलं भाताचं पातेलं कधीपासून तसंच होतं, त्यावर धूळ बसली होती. बाप कोपऱ्यात पाठ करून जाळं विणत बसला होता.

सगळं लांबघर त्याला रिन्याचा बाप म्हणूनच हाक मारायचं, ती स्वतः अपाई म्हणायची. आई गेली तेव्हा रिन्या रांगत होती. यानेच तिला घास भरवून वाढवलं. आणि तीच पोर कापणी आटोपताच म्हणाली, की ती समुद्राकाठच्या बंदरात बोटी जोडणाऱ्या कारखान्यात जाणार, वेल्डिंग करायला. झालं, भडका उडाला. बाप म्हणाला, "लोखंड जोडत बस तिकडे, इथे शेत ओसाड पडू दे!" पोरगी त्याच्याच वळणाची. म्हणाली, "या घरात शिजलेलं शीतही आता तोंडाला लावणार नाही. बोटसुद्धा लावणार नाही!" तेव्हापासून ती आत्याकडे जेवायची, रात्री फक्त झोपायला घरी यायची. बापाने त्या दिवशी जी चूल विझवली ती पुन्हा पेटवलीच नाही.

"काय गुर्मी म्हणावी ही!" आत्या दारातूनच कडाडली. "दादा, भांडी विकणारा चिनी व्यापारी आला तरी त्याच्यापुढे तू ताट सरकवायचास. पोटच्या पोरीला मात्र काही नाही. आणि स्वतः गिळतोस शेतातल्या खोपटात एकटाच!"

बाप जाळ्याची गाठ आवळत राहिला. रिन्याने बोचकं उचललं आणि ती तरातरा घाटाच्या पायऱ्या उतरली. डोळे भरून आले होते, पण रडेल ती रिन्या कसली.

"चल बाई, चल!" होडीवाला उंतिंग ओरडला. "खालचा खडकांतला खळाळ दुपारच्या आत ओलांडायचाय. पाणी आणखी चढलं तर देवही वाचवणार नाही."

ती होडीत बसली. इंजिन धडधडलं. तेवढ्यात बाप पायऱ्या उतरून आला, मोकळ्या हातांनी. खुंटाचा दोर सोडायला वाकला. त्याला एवढं जवळून तिने बऱ्याच दिवसांनी पाहिलं. सदरा खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता. मानेची हाडं वर आली होती.

तिला राहवलं नाही. "अपाई, एवढा राग? मी जाते त्या दिवशीसुद्धा चूल पेटवावीशी वाटली नाही तुम्हाला?"

बापाच्या हातातला दोर तसाच राहिला. तो नदीकडे बघत म्हणाला, "पेटवली असती, तर तू नाकारलं असतंस."

"म्हणजे?"

"तुझा हट्ट माझाच आहे, मला ठाऊक नाही होय? तू बोट लावणार नाही म्हणालीस म्हणजे लावणार नाहीस. मग मी भात शिजवायचा, आणि तू तो नाकारून रोज या नदीवर उतरायचीस? आज या पुरात जायचीस?" तो आता तिच्याकडे वळला. "पुनी लागायला घरात काही शिजलेलं तर हवं ना, पोरी. मी शिजवलंच नाही."

पायऱ्यांवर उभी असलेली लामत आत्या, जिची जीभ झोपेतही थांबत नाही म्हणतात, ती तोंडावर हात ठेवून खाली बसली.

"मग इतके दिवस तुम्ही खाल्लंत काय?"

"शेतात काकड्या होत्या. कच्चा मका होता." बाप कसनुसं हसला. "चालतं म्हाताऱ्याला."

रिन्या थक्क होऊन बघत राहिली. बापाचा राग समजून जिच्याकडे रोज पाठ फिरवून ती झोपली, ती विझलेली चूल तिचीच राखण करत होती. केवढा हा माणूस, आणि आपण त्याला काय समजत होतो!

"निघायचं ना?" उंतिंगने विचारलं, पण आता हळूच.

रिन्याने बोचकं काठावर फेकलं. गुडघाभर पाण्यात उतरून तिने बापाच्या हातातला दोर घेतला आणि पुन्हा खुंटाला बांधला, घट्ट.

"अपाई, वर चला," ती म्हणाली. "चूल पेटवा. मला भूक लागलीय."