शेजारचं दार

एकटेपणाच्या सर्वेक्षणाचा आमचा नियम सोपा आहे: तीन दिवस दार वाजवूनही कुणी उघडलं नाही, तर त्याऐवजी शेजारचं घर घ्यायचं. सात नंबरचं दार तिसऱ्या दिवशीही उघडलं नाही, म्हणून मी आठ नंबरची बेल वाजवली.

"एकटेपणा? आमच्या मजल्यावर?" दारातल्या बाई हसल्या. "अहो, इथे कुणाला नुसती शिंक आली तरी अख्खा मजला गोळा होतो!"

मी 'एकटेपणा नाही' यावर खूण केली. निघताना सहज विचारलं, "सातमधले कुठे बाहेरगावी गेलेत का?"

"सात? ते घर तर वर्षभर रिकामंच आहे."


तेवढ्यात सातच्या दारामागे कुणीतरी खोकलं. बाईंनी झटकन आपलं दार लावून घेतलं, आणि मी भरलेला फॉर्म पिशवीत टाकून जिना उतरले.