गाठीचे कान
डॉक्टरीणबाईंनी ओक्बुनला समजावून सांगितलं होतं. नवऱ्याच्या पोटातल्या गाठीला भाराभर कान फुटलेत, शरीराचा ‘वाढ’ हा हुकूम ती अधाशासारखी ऐकते. इंजेक्शन त्या कानांत बोळे घालतं. काढेबिढे बंद. पण वन्सं दर रविवारी थेगूहून हरणाच्या कोवळ्या शिंगांचा काढा घेऊन हजर. “वन्संना कॅन्सरचं सांगून टाका,” ओक्बुन कावून नवऱ्याला म्हणायची. “ताईनेच वाढवलंय मला. खचेल ती.” “गाठीला एवढे कान, तुम्हाला एकही नाही.” आज वन्संनी काढ्याचं पाकीट फोडून वाटीत ओतलं. “माझ्यासमोर पी. हाडं दिसायला लागलीत.” नवऱ्याने वाटी उचलली. ओक्बुनने ती हिसकावून एका दमात रिकामी केली. “तरीच हा वाळत चाललाय,” वन्सं कडाडल्या. “भावाच्या तोंडचं तू ढोसतेस होय?” नवरा वाटीकडे बघत राहिला. ओक्बुनने तोंड पुसलं. “हो वन्सं. पुढच्या रविवारी जास्त आणा.”