घंटेत रुमाल

“प्रत्येक पोर वेगळंच बडवतंय, नुसता गोंगाट! ढोलांवर चादरी बांधा, पोरांनी फक्त हात हलवायचे, संगीत मी मोबाईलवर लावते,” मुख्याध्यापिका कडाडल्या. “नाहीतर ढोलाचा वर्ग आजच बंद.” टोरंटोच्या शाळेत घानाचे ढोल शिकवणारा सेन्यो हादरला. प्रत्येकाने वेगळं वाजवायचं, पण एकाच घंटेच्या ठेक्याला धरून राहायचं, हेच तर त्याने वर्षभर शिकवलं होतं. बाहेर कार्यक्रमासाठी पालक खोळंबले होते. वर्ग वाचवायला त्याने घंटेत स्वतःच्या हाताने रुमाल कोंबला. “सर, सगळंच खोटं खोटं? मग टाळ्याही खोट्याच ना?” घंटावाली लिगाया खिदळली. “गप गं माझे आई, हात हलव.” पडदा उघडला. मोबाईलच्या भलत्याच ठेक्यावर पोरांनी मुकाट हात हलवले, पालकांनी उभं राहून टाळ्या पिटल्या. मुख्याध्यापिकांनी सेन्योला मिठी मारली. “बघितलंत? कुणाला कळलंसुद्धा नाही! मग पुढच्या वर्षी शिकवायचं कशाला?”