ओली फरशी

"घरात म्हातारीला कुणी भांडंभर पाणी विचारत नाही, आणि या कासवाला मात्र दिवसातून तीनदा फवारे," शकूताई सुनेच्या कानाशी पुटपुटल्या.

"हवा कोरडी झाली तर पिल्लाच्या पाठीवर टेंगळं येतात, आई," काचेच्या पेटीतल्या नेच्यांवर पाणी मारत मृदुला म्हणाली. तिच्या स्वतःच्या कपाळावरचं टेंगूळ अजून उतरलं नव्हतं. शेजाऱ्यांसाठी शकूताईंचं उत्तर तयार असायचं. कासवाचं पाणी सांडतं, फरशी ओली होते, सून घसरते.

एक थेंब श्रीरंगच्या इस्त्रीच्या शर्टावर उडाला. त्यानं बायकोच्या झिंज्या धरून तिचं डोकं पेटीवर आपटलं. काच फुटली. माती, शेवाळ, पाणी आणि रक्त यांचा चिखल झाला, तरी त्याच्या लाथा थांबेनात. शकूताई मध्ये पडल्या, तेव्हा एक त्यांच्याही बरगडीत बसली. त्यांनी काचांतून ते मोदकाएवढं पिल्लू उचललं आणि ओल्या पदरात घेतलं. मान आणि पाय आत ओढून ते गप्प राहिलं होतं. शकूताईंना ती हुशारी चांगलीच ओळखीची होती.

बेल वाजली. श्रीरंगनं आईकडे पाहिलं, शर्ट सारखा केला आणि दार उघडलं. शेजारच्या नाडकर्णीबाई आत डोकावल्या. "पुन्हा घसरली का हो सून?"

फरशी आज खरोखरच ओली होती.

"नाही," शकूताई म्हणाल्या. "माझा मुलगा तिला मारतो."