शिंप्याची नजर

सातारच्या कॉलेजात शिरताना जोतीराम शिंप्यानं गळ्यातली मापाची टेप ओशाळून खिशात कोंबली. कथाकथन स्पर्धेच्या मंचावर त्याची लेक संयोगिता इंग्लंडची दंतकथा रंगवत होती. रयतेचा सारा माफ हवा तर विवस्त्र होऊन घोड्यावरून गावभर फिर, असं राजानं राणीला सुनावलं. राणी निघाली. तिचा मान राखायला गावानं खिडक्या लावल्या. एका शिंप्याला तेवढं राहवेना, त्यानं फटीतून पाहिलं. जोतीरामची मान खाली गेली. “त्यानं नजरेनंच माप घेतलं,” संयोगिता म्हणाली, “आणि राणी परत येईस्तोवर झगा शिवला!” परीक्षकांनी हटकलं, “मूळ कथेत चोरून पाहिल्यामुळं तो आंधळा होतो.” “पण सर, सगळ्यांच्या खिडक्या बंद होत्या. मग तो बघत होता, हे कुणी बघितलं?” टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारच्यानं विचारलं, “कुणाची वं पोरगी?” टेप गळ्यात अडकवत जोतीराम म्हणाला, “दहिवडीच्या शिंप्याची!”