शंखाची बांगडी

पंधरवडाभर जबडा दुखत होता, छातीवर वरवंटा ठेवल्यासारखं वाटत होतं. नवऱ्याचं एकच पालुपद: “पन्नाशीत पित्त होतंच. मोहरीतला इलिश मासा कमी खा, ओव्याचा अर्क घे.” आज चुलीपुढे कोसळले, तेव्हा कुठे वर्धमान शहरातलं इस्पितळ दिसलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “हृदयाची नळी तुंबलीय. उजव्या मनगटातून तार घालायचीय, बांगडी काढा.” लग्नातली शंखाची बांगडी सुजलेल्या हातातून निघेना. त्यांनी पक्कड मागवताच सासूनं माझा हात धरला. “नवरा जिवंत असताना शंख फोडायचा? माझ्या लेकाच्या जिवावर उठलीस, बौमा!” मी नवऱ्याकडे पाहिलं. तो पुटपुटला, “आई म्हणतेय तर... डॉक्टर, उद्या नाही चालणार?” मी हात हिसडून खाटेच्या कठड्यावर आपटला. शंखाचे तुकडे त्याच्या पायाशी उडाले. त्यानं छाती धरली. “अगं, धस्स झालं!” “पित्त असेल,” मी म्हणाले, “ओव्याचा अर्क घे.”