हाकेला ओ

चक्रीवादळानं सकाळीच वीज गेली. बेल बंद, फोन बंद. म्हणून धायरीच्या त्या सोसायटीत असं ठरलं, की दारोदार हाक मारायची आणि आतून ओ आली की पुढे जायचं. वरचे मजले उल्काकडे, खालचे माधवरावांकडे.

"ओ. आहे अजून, उद्या या," शेवटच्या दाराआडून सुंदराबाई म्हणाल्या.

उल्का हसत जिना उतरली. एकटीच राहायची ती. निघताना दार ओढून घेतलं होतं, किल्ली मुठीत होती.

खाली आपले मजले आटोपून माधवराव, ती परतली का बघायला, तिचंच दार वाजवत होते. त्यांची तिच्याकडे पाठ होती.

"उल्काताई, अहो उल्काताई?"

जिन्यातूनच ओ द्यायला तिनं तोंड उघडलं.

"ओ, आले," आतून तिच्याच आवाजात उत्तर आलं, आणि कडी सरकली.